प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

ओवी
२०२५ चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना मिळालं. बातम्यांवरून मला समजलं ते एवढंच, की आपली प्रतिकारयंत्रणा आपल्याच अवयवांवर का तुटून पडत नाही आणि तिला आवरणाऱ्या पेशी कोणत्या, हे त्यांनी शोधलं.

माझा प्रश्न मात्र घरगुती आहे. धाकट्या नणंदेला ल्युपस आहे, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा शरीरावर उलटण्याचा आजार. तिच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या आहेत, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आणि घरात येणारा प्रत्येक पाहुणा प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीतरी घेऊन येतो. कोणी गुळवेलीचा रस, कोणी कसलंसं चूर्ण, एका मावशींनी तर कोविडच्या वेळच्या उरलेल्या साखरगोळ्या आणल्या. नाही म्हटलं की वाईटपणा. सासूबाईंचं म्हणणं, "कमी झालीय म्हणूनच सारखी आजारी पडते ना? मग थोडी वाढली तर बिघडलं कुठे?"

मला वाटतं मुळात हे वाढवणं प्रकरणच निरर्थक आहे. पण त्यांना पटेल असं मला सांगता येत नाही. नक्की काय वाढतं? ते मोजतात कसं? आणि या नोबेलवाल्या पेशींचा ल्युपसशी काही संबंध आहे का?

शेंगदाणा
पुढच्या रांगेत जागा धरून ठेवतो. काढा विरुद्ध ॲलोपॅथी सामना होणारच. येताना कोणीतरी आलेपाक आणा.

मधुमालती
ओवी, सासूबाईंची शंका रास्त आहे गं. माझा थायरॉइड हाशिमोटोचा आहे, म्हणजे तोही ऑटोइम्यूनच, स्वतःच्या शरीरावर उलटणारा. मलाही सगळे हेच सांगतात, "तुझी इम्युनिटी वीक आहे." मीही बरीच वर्षं मान डोलावतेय. वाचतेय.

पेशीवाला
मी याच विषयात पुण्यात काम करतो, पण डॉक्टर नाही, उंदीरवाला आहे. त्यामुळे औषधांबद्दल बोलणार नाही.

आधी मोजण्याचं. ‘प्रतिकारशक्ती’ नावाचा एकच आकडा कुठल्याही लॅबच्या रिपोर्टमध्ये नसतो. पांढऱ्या पेशी मोजता येतात, अमुक विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं (जंतूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिनं) मोजता येतात, टी पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजता येतात. कारण हे सगळं मिळून एक वस्तू नाहीच. जंतू गिळणाऱ्या पेशी वेगळ्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी वेगळ्या, विषाणू शिरलेली पेशी मारून टाकणाऱ्या टी पेशी आणखी वेगळ्या. आणि या बाकीच्यांना थोपवणाऱ्या टी पेशी आहेत, ज्यांच्यासाठी हे नोबेल. बाटलीवर ‘इम्युनिटी वाढवते’ लिहिणाऱ्याने यातलं कोण वाढवलं ते सांगावं. जंतूंशी लढणाऱ्यांबरोबर थोपवणाऱ्याही वाढल्या तर?

टी पेशी अस्थिमज्जेत जन्मतात आणि शिकायला थायमसमध्ये जातात. ही ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या थोडी वर असते. ती कशासाठी आहे हे १९६१ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हतं. जॅक मिलर यांनी नवजात उंदरांमधून ती काढली तेव्हा कळलं. प्रत्येक टी पेशीवर ओळख पटवणारा एक ग्राही रेणू असतो आणि तो जनुकांचे तुकडे अंदाधुंद जुळवून बनतो. त्यामुळे कधी न पाहिलेला विषाणूही एखादीला ओळखता येतो. पण काहींना स्वतःचंच शरीर शत्रू वाटतं, हेही त्यातच आलं. अशा पेशी थायमसमध्ये मारल्या जातात. काहीच ओळखू न शकणाऱ्याही मरतात. शंभरातल्या पाचसुद्धा धड बाहेर पडत नाहीत.

बराच काळ समज असा होता की ही गाळणी झाली की प्रश्न मिटला. पण निरोगी माणसाच्या रक्तातही स्वतःवर उलटू शकणाऱ्या टी पेशी सापडतात. मग त्या गप्प का बसतात?

१९६९ मध्ये जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी उंदरांच्या पिल्लांचं थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढलं होतं. टी पेशी कमी, म्हणजे पिल्लं दुबळी होतील असं कोणालाही वाटेल. झालं उलटंच, त्यांच्याच पेशींनी त्यांचे अंडाशय खाल्ले. साकागुचींनी या प्रयोगाचा पिच्छा धरला. अशा पिल्लांना निरोगी उंदराच्या टी पेशी टोचल्या की आजार होत नव्हता. म्हणजे टी पेशींतच कोणीतरी आवरणारं होतं. त्या वेळी ‘दाबणाऱ्या टी पेशी’ हा विषय बदनाम झाला होता. आधीच्या काही लोकांचे दावे कोसळले होते आणि शहाणी माणसं त्या वाटेला जात नव्हती. साकागुची दहाबारा वर्षं तिथेच खणत राहिले आणि १९९५ मध्ये त्या पेशींची खूण दाखवली: सीडी४ या प्रथिनाबरोबर अंगावर सीडी२५ नावाचं आणखी एक प्रथिन.

ब्रन्को-रॅम्सडेलची गोष्ट दुसऱ्या टोकाने सुरू होते. १९४० च्या दशकात अमेरिकेत ओक रिजला किरणोत्साराचे परिणाम तपासायला उंदीर पाळले होते. त्यात आपोआपच काही खरबरीत, खवले पडलेल्या कातडीची पिल्लं जन्मली. फक्त नर, प्लीहा सुजलेली, काही आठवड्यांत मरायची. दोष एक्स गुणसूत्रावर होता. नव्वदच्या दशकात हे दोघं सिएटलजवळ बॉथेलला एका औषध कंपनीत होते. त्यांनी त्या गुणसूत्राचा एकेक तुकडा बाद करत संशयित वीस जनुकांपर्यंत आणले आणि मग एकेक तपासत गेले. दोष निघाला विसाव्यात! त्याला नाव दिलं फॉक्सपी३. मुलग्यांना होणारा आयपेक्स नावाचा दुर्मीळ, जीवघेणा ऑटोइम्यून आजारही याच जनुकाच्या बिघाडाने होतो, हे २००१ मध्ये पुढे आलं. साकागुचींच्या पेशी याच जनुकाच्या जोरावर तयार होतात, हे त्यानंतर दोन वर्षांनी कळलं. आता त्यांना रेग्युलेटरी टी पेशी, थोडक्यात ट्रेग म्हणतात.

ल्युपसचं नंतर लिहितो. प्रयोगशाळेत जायचंय, उंदरांना रविवार नसतो.

शेंगदाणा
म्हणजे आमच्या सोसायटीचा वॉचमन. चोर ओळखत नाही, दूधवाल्याला रोज अडवतो. त्याला आणखी जाड काठी दिली तर चोर पकडला जाणार की दूधवाला मरणार?

ओवी
पेशीवाला, खूप आभार. पण खरं सांगू का, सासूबाईंना वाचून दाखवलं तर वॉचमनवर हसल्या आणि "असं होय" म्हणाल्या. विसाव्या जनुकापर्यंत पोचलोच नाही.

सदूभाऊ
चाललं आहे ते एकतर्फी वाटलं म्हणून लिहितो. गुळवेल, चूर्ण यांची टिंगल करण्याआधी एक लक्षात घ्या. व्याधिक्षमत्वाचा विचार आयुर्वेदात फार जुना आहे आणि चांगला वैद्य कधीही सरसकट एकच काढा सगळ्यांना देत नाही. प्रकृती, अग्नी, ऋतू, आजार बघतो. तुम्ही झोडपताय ते जाहिरातीतल्या बाटल्यांना आणि मोबाइलवरच्या ज्ञानाला. ते जरूर झोडपा. पण आमच्या पिढीला आईने पावसाळ्यात दिलेला गवती चहा-आल्याचा काढा काही कोणाचं यकृत घेऊन गेला नाही.

निशिगंध
सदूभाऊ, गवती चहाबद्दल भांडण नाहीच, मीही पिते. गुळवेलीबद्दल मात्र आहे. यकृताचे रुग्ण बघणाऱ्या विभागात मी काम केलंय, म्हणून तळमळीने लिहितेय.

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. कोविडच्या काळात इम्युनिटीसाठी गुळवेल घेत होते आणि कावीळ होऊन आले. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती दिली. यातल्या बऱ्याच जणांचं यकृत विषाने खराब व्हावं तसं झालेलं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्या प्रतिकारपेशीच यकृतावर उलटल्यासारखं चित्र होतं. काहींना आधीपासून थायरॉइडसारखे ऑटोइम्यून आजार होते. म्हणजे जिथे आधीच तोल ढळलेला आहे तिथेच ‘वाढवणारं’ घातलं गेलं.

ओवी, तुझ्या नणंदेसाठी हे फार महत्त्वाचं आहे. ल्युपसमध्ये गुळवेल नको. सासूबाईंना माझं नाव सांग.

सदूभाऊ
आयुष मंत्रालयाने त्याच वेळी उत्तर दिलं होतं, तेही सांगा की. त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती कोणती, हे तपासलंच नव्हतं. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एक जात बाजारात तिच्या नावाने विकली जाते.

निशिगंध
आक्षेप मला माहीत आहे. पहिल्या सहा रुग्णांबाबत तो घ्यायला जागाही होती. नंतरच्या अभ्यासात काही नमुने तपासले गेले. पण समजा, तुमचं सगळं मान्य. बाजारातून आणलेली गुळवेल खरी की भलती, हे ओवीच्या मावशींना कसं कळणार?

सदूभाऊ
म्हणूनच वैद्याकडे जा म्हणतोय. मी तेच म्हणतोय आणि तुम्हीही तेच म्हणताय, फक्त तुम्ही जोरात म्हणताय.

शेंगदाणा
आलेपाक संपला. कोणीतरी चिवडा.

बोस्टनकर
नोबेलच्या वेळची गंमत. ब्रन्कोबाईंना स्वीडनचा नंबर दिसला तेव्हा त्यांना तो फसवाफसवीचा फोन वाटला. त्यांनी घेतलाच नाही आणि झोपून गेल्या. पहाटे दारात वृत्तसंस्थेचा फोटोग्राफर उभा राहिला तेव्हा कळलं. रॅम्सडेल तर बायकोबरोबर डोंगरात तंबू ठोकून भटकत होते, फोन बंद. परतीच्या वाटेवर रेंज आली, बायकोच्या फोनवर मेसेजचा पाऊस पडला आणि ती किंचाळली. त्यांना वाटलं अस्वल आलं.

आता कामाचं. ‘प्रतिकारशक्ती कमी होणे’ हे खरंखुरं होतं आणि त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण गोवर. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवर होण्याआधी आणि नंतर तपासलं. इतर जंतूंविरुद्धची, आधी कमावलेली प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. गोवराचा विषाणू स्मरणपेशींनाच खातो. म्हणजे मूल गोवरातून उठतं आणि पूर्वीच्या सर्दीखोकल्यांशी पहिल्यापासून झगडायला लागतं. आमच्या अमेरिकेत सध्या लस नाकारणाऱ्यांची चलती आहे आणि तेच लोक व्हिटॅमिनच्या डब्या घेऊन ‘इम्युनिटी बूस्ट’ करतात. डोकं बडवून घ्यावंसं वाटतं.

मधुमालती
हे गोवराचं माहीतच नव्हतं! आमच्या लहानपणी गोवर आला की कडुनिंबाचा पाला बांधायचे आणि तो ‘निघून जाऊ द्यायचा’.

परळकर
अवांतर. लस विषय निघालाच आहे तर आमच्या परळचा मान राखा. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. तेव्हा बी पेशी, टी पेशी कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या.

रानफूल
धागा वाचून राहवलं नाही. बाबांना तोंडाचा कर्करोग झाला, आयुष्यभराची तंबाखू-चुन्याची सवय. शस्त्रक्रिया, रेडिएशन झालं, तरी परत आला. तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर इम्युनोथेरपीचं औषध दिलं, पण अगदी थोड्या डोसमध्ये. मी भांडले की पूर्ण डोस का नाही, पैसे कमी आहेत म्हणून का. मग त्यांनी टाटाचा अभ्यास दाखवला. बाबा सुरुवातीला सांगितलं होतं त्याहून बरेच जास्त जगले आणि शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने पेज-भात खात होते. आमच्यासाठी ते खूप होतं.

मध्येच त्यांचा थायरॉइड बंद पडला. डॉक्टर म्हणाले, इम्युनोथेरपीनेच. मधुमालती, तुमच्या हाशिमोटोवरून आठवलं. हे दोन्ही एकच का?

पेशीवाला
रानफूल, तुमच्या बाबांच्या अनुभवात या धाग्याचा अर्धा विषय आला.

टी पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कर्करोगाच्या पेशी नेमका तोच दाबून धरतात. टी पेशी गाठीत पोचतात आणि नुसत्या बसून राहतात. क्योटोचे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने हे प्रथिन १९९२ मध्ये शोधलं. सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर जेम्स ॲलिसन यांनी काम केलं. २०१८ चं नोबेल दोघांना मिळालं. निवोलुमॅबसारखं औषध हा ब्रेक सोडवतं. त्यात टी पेशींची संख्या वाढवलेली नसते, आधीपासूनच्या पेशी मोकळ्या होतात. पण मोकळ्या झालेल्या सगळ्या काही गाठीवरच जात नाहीत. कोणी थायरॉइडवर, कोणी आतड्यावर, कोणी फुप्फुसावर. बाबांचा थायरॉइड असाच गेला. हाशिमोटोशी नातं जवळचं आहे. आजार आपणहून होतो की औषधाने ब्रेक काढल्यामुळे, एवढाच फरक.

टाटा मेमोरियलचा तो अभ्यास २०२३ मध्ये आला. डोक्या-मानेचा पसरलेला किंवा परत आलेला कर्करोग, १५१ रुग्ण. अर्ध्यांना रोजच्या स्वस्त गोळ्या, अर्ध्यांना त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी २० मिलीग्रॅम निवोलुमॅब. हा नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी. एका वर्षानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ४३.४ टक्के. ब्रेकच्या रेणूवर औषध बसायला इतका कमी डोसही पुरतो, हे जुन्या चाचण्यांवरून माहीत होतं. परदेशी कंपनीला कमी डोस तपासण्यात कशाला रस असेल? ते काम इथल्या डॉक्टरांनीच करायचं होतं आणि त्यांनी केलं.

अण्णा_सांगलीकर
४३ टक्के म्हंजे निम्म्याहून जास्त वर्षात गेलीच की. उगं पेढं वाटू नका. आमच्याकडं दर चार घरांआड एकाच्या तोंडात तंबाखूची गोळी हाय. ती काढायची सोडून निवोलु का काय ते.

रानफूल
अण्णा, बरोबर आहे. तंबाखूवर तुम्ही म्हणाल तेवढी चिडचिड माझ्याकडेही आहे. पण १६ आणि ४३ यांच्यामध्ये जी माणसं आहेत त्यांच्यात माझे बाबा होते.

अण्णा_सांगलीकर
ताई, तुमच्या बाबांवर नव्हतं ते. राग मानू नका.

निशिगंध
दोघांचंही खरं. त्या अभ्यासात जगण्याचा मध्य ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. ‘बरा झाला’ म्हणावं असं ते नाही, असं कोणी म्हणूही नये.

परळकर
मग पवईचं पण बोला. आयआयटीवाल्यांनी रक्ताच्या कर्करोगावर पेशींचा उपचार काढलाय ना? राष्ट्रपती आल्या होत्या उद्घाटनाला.

बोस्टनकर
हो, ४ एप्रिल २०२४ ला. नेक्सकार१९ त्याचं नाव. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत विकसित झाला, रुग्णांवरच्या चाचण्या टाटामध्ये. पद्धत अशी: रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवं जनुक घालायचं, म्हणजे त्यांच्या अंगावर सीडी१९ ओळखणारा ग्राही उगवतो, मग त्यांची संख्या वाढवून त्याच रुग्णाला परत द्यायच्या. सीडी१९ हे बी पेशींवर असतं, म्हणून बी पेशींचे ल्युकेमिया आणि लिम्फोमा या कर्करोगांसाठी हा उपचार. याला कार-टी म्हणतात.

अमेरिकेत २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला फिलाडेल्फियात दिलं तेव्हा ती मरणाच्या दारात गेली होती. नव्या टी पेशींनी रक्तात रसायनांचं असं वादळ उठवलं की ताप उतरेना, व्हेंटिलेटर लागला. तपासणीत आयएल-६ हे दाह वाढवणारं रसायन प्रचंड वाढलेलं दिसलं. प्रमुख संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, म्हणून आयएल-६ अडवणारं एक औषध त्यांना माहीत होतं. ते दिलं आणि मुलगी काही तासांत सावरू लागली. तिचा कर्करोग परतला नाही.

अण्णा_सांगलीकर
किंमत?

बोस्टनकर
अमेरिकेत २०१७ मध्ये पहिल्या औषधाची किंमत ४,७५,००० डॉलर होती, इस्पितळाचा खर्च वेगळा. नेक्सकार१९ सुरू झालं तेव्हा तीस-चाळीस लाख रुपयांच्या घरात.

अण्णा_सांगलीकर
आमच्यात तीस लाखाला जमीन विकावी लागती. स्वस्त म्हणायचं तर कुणाला?

परळकर
अण्णांशी सहमत. ‘जगातलं सगळ्यात स्वस्त’ हे भाषणात छान वाटतं. ते सरकारी योजनेत आणि विम्यात बसेपर्यंत आमच्या वाडीतल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

बोस्टनकर
मान्य. फक्त एवढंच, की दहापट स्वस्त झालंय ते इथे बनवल्यामुळे. आयात करत राहिलो असतो तर योजनेत बसण्याची चर्चाही निघाली नसती.

गवतीचहा
सगळे जास्त प्रतिकाराबद्दल बोलताय, एक उलटं सांगते. माझ्या भाच्याला प्रतिपिंडं बनतच नाहीत. जन्मजात, मुलग्यांना होणारा आजार, ब्रुटनचा. दर महिन्याला शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, द्यावं लागतं. निदान व्हायच्या आधी सतत न्यूमोनिया, कानातून पू, आणि एका डॉक्टरांनी ‘टॉनिक’ लिहून दिलं होतं. सासूबाईंचं ‘कमी झालीय म्हणून आजारी पडतो’ हे त्याच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. पण तिथेही काढा चालत नाही, जे बनत नाही ते प्रतिपिंडच द्यावं लागतं.

ज्यांच्या घरात मूल वारंवार गंभीर आजारी पडतंय त्यांच्यासाठी: केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे या जन्मजात आजारांवर बरंच काम चालतं. बालरोगतज्ज्ञांना तिथल्या तपासण्यांबद्दल विचारा.

मधुमालती
गवतीचहा, भाच्याला आशीर्वाद. हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

ओवी
सगळ्यांचे आभार. पेशीवाला, ल्युपसचं राहिलं. सासूबाई रोज विचारतात, "त्या उंदीरवाल्याचं उत्तर आलं का?"

पेशीवाला
आलो. सासूबाईंना नमस्कार.

ट्रेग कमी म्हणून ल्युपस, इतकं ते सरळ नाही. आयपेक्समध्ये एकच जनुक बिघडलेलं असतं, म्हणून सगळं स्वच्छ दिसतं. ल्युपसमध्ये अनेक जनुकं, संप्रेरकं, ऊन, विषाणू असे बरेच हात असतात. ट्रेग नीट काम करत नाहीत असं काही रुग्णांत दिसतं. पण मुख्य त्रास देणारं कोण म्हणाल तर स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी. म्हणून ‘हिची कमी झालीय’ हे चूक. सारखी आजारी पडते त्याची कारणं दोन: ल्युपस स्वतः, आणि त्यासाठी घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांमुळे जंतूंशी लढणाराही हात आखडतो. दुसऱ्यावरचा उपाय म्हणजे डॉक्टरांना विचारून योग्य त्या लसी.

आता गंमत बघा. वर बोस्टनकरांनी सांगितलेलं कार-टी बी पेशी मारतं. मग ल्युपसमध्ये का नको? जर्मनीत एर्लांगेनला गेओर्ग शेट यांच्या गटाने हाच विचार केला. २०२१ मध्ये वीस वर्षांच्या एका मुलीला दिलं. २०२४ मध्ये त्यांनी पंधरा जणांची माहिती छापली. त्यातले आठ ल्युपसचे, बाकी स्नायूंचा आणि त्वचा कडक होण्याचा ऑटोइम्यून आजार असलेले. आठही ल्युपसवाल्यांचा आजार शांत झाला आणि पंधराच्या पंधरा जणांची दाबणारी औषधं बंद झाली. मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं: काही महिन्यांनी बी पेशी परत आल्या, पण कोऱ्या. जुनं वैर विसरलेल्या. लशींची प्रतिपिंडं बरीचशी टिकून राहिली, कारण ती बनवणाऱ्या अस्थिमज्जेतल्या जुन्या पेशींवर सीडी१९ नसतं.

उद्या जाऊन मागू नका. पंधरा माणसं म्हणजे पंधरा माणसं. धोके आहेत, खर्च आहे, आणि जिचा आजार साध्या गोळ्यांवर ताब्यात आहे तिला हे कोणी देणार नाही, देऊही नये. ट्रेग वाढवून रुग्णाला परत देण्याचेही प्रयत्न चालू आहेत. रॅम्सडेल यांनी स्थापनेत हात घातलेली कंपनी संधिवातासाठी तेच करतेय. तिथे मात्र ‘वाढवणे’ हा शब्द मी विनातक्रार वापरेन, कारण काय वाढवतोय ते माहीत आहे.

सदूभाऊ
हे आवडलं. दाद द्यायलाच हवी. गवती चहा चालेल ना तिला?

निशिगंध
चालेल. दूध घालून, आलं किसून, कपभर. औषध म्हणून नाही, चहा म्हणून. :)

कृष्णाकाठ
उशिरा आले धाग्यावर. पेशीवाला यांनी पहिल्या प्रतिसादात थायमसबद्दल लिहिलं, ते वाचून धास्तावले. माझ्या आईला मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायूंची ताकद कमी करणारा ऑटोइम्यून आजार) आहे आणि तिची थायमस ग्रंथी शस्त्रक्रिया करून काढली. तेव्हा सांगितलं होतं की मोठ्या वयात तिचा काही उपयोग नसतो. ते खरं होतं का? आता तिच्या टी पेशींचं काय?

पेशीवाला
वय वाढेल तशी ती आकसते आणि चरबीने भरते, त्यामुळे ‘मोठेपणी निरुपयोगी’ असं डॉक्टरांना खरंच शिकवलं जायचं. २०२३ मध्ये बॉस्टनहून एक अभ्यास आला. छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस काढलेले प्रौढ आणि तशाच शस्त्रक्रियेत ती न काढलेले, अशी तुलना केली. पाच वर्षांत पहिल्या गटातले ८.१ टक्के दगावले, दुसऱ्यातले २.८ टक्के. कर्करोगाचं प्रमाणही पहिल्या गटात जास्त. म्हणजे प्रौढपणीही ती थोड्या नव्या टी पेशी बनवत असते आणि त्याने फरक पडतो. तेव्हापासून हृदयाच्या ऑपरेशनमध्ये वाटेत येते म्हणून काढून टाकण्याआधी सर्जन विचार करू लागलेत.

पण तुमच्या आईची गोष्ट वेगळी. तिची ग्रंथी वाटेत आली म्हणून काढलेली नाही.

निशिगंध
पुढचं मी सांगते. मायस्थेनियात आजाराची प्रतिपिंडं बनवायला थायमसच हातभार लावते. २०१६ मध्ये छापलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, थायमस काढलेल्या रुग्णांची ताकद तीन वर्षांनी जास्त चांगली होती आणि स्टेरॉइड कमी लागत होतं. त्यात थायमसची गाठ असलेले रुग्ण नव्हते. गाठ असेल तर ती काढावीच लागते. म्हणजे आईला सल्ला योग्यच मिळाला. काळजी एवढीच घ्या: दुसऱ्या कुठल्याही दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेलात तर मायस्थेनिया आहे हे आधी सांगा, काही प्रतिजैविकं त्यात चालत नाहीत. आणि कुठलीही जिवंत लस न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय नको.

कृष्णाकाठ
जीव भांड्यात पडला. प्रतिजैविकांचं कोणी बोललंच नव्हतं. अशा औषधांची यादी न्यूरॉलॉजिस्टकडूनच घ्यायची ना? फॅमिली डॉक्टरांकडे देऊन ठेवते.

निशिगंध
हो, त्यांच्याकडूनच. आणि एक प्रत आईच्या पर्समध्ये.